यंत्र रुळताना

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, रंगाचे कौतुक करतात, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" आम्ही मराठीचे शिक्षक असल्यामुळे या शब्दापाशी आमची नेहमीच थोडी अडखळ होते. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. विचारणारास मात्र सरासरी नको असते. त्यास एकच आकडा हवा असतो, आणि तोही गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी. सरासरी काढावयाची तर पुष्कळ नोंदी हव्यात, आणि नोंदी व्हावयास काळ जावा लागतो. आमच्या डिझेल गाडीच्या प्रश्नास समाधानकारक उत्तर द्यावयास आम्हांस एक वर्षाहून अधिक काळ लागला. त्या काळात आम्ही ठेवलेली एक वही समोर घेऊन हा लेख लिहीत आहोत. अशा गाड्या घेणाऱ्या, किंवा घ्याव्यात की न घ्याव्यात या विचारात असलेल्या आपल्या वाचक कुटुंबांना तिचा काही उपयोग झाल्यास आनंदच होईल.

प्रथम या वहीचे प्रयोजन सांगितले पाहिजे. आमची सरकारी मराठी शाळा खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या उगमाकडील रानवट भागात आहे. राहावयास आम्ही बेळगावात, टिळकवाडीस. तिसरे रेल्वे फाटक, उद्यमबाग, पिरनवाडी, किणये, जांबोटी अशा वाटेने शाळा एका बाजूने बेचाळीस किलोमीटर पडते. बस आहे, परंतु ती पोहोचते पावणेअकराला, आणि शाळेची घंटा होते दहाला. शाळेत मुले थोडी, शिक्षक त्याहून थोडे. एक शिक्षक पाऊण तास उशिरा आला तर एक वर्ग पाऊण तास रिकामा बसतो. त्या वाड्यावस्त्यांवरची मुले चिखल तुडवीत दोन-दोन मैल चालत वेळेवर येतात आणि आम्ही मात्र बसची सबब सांगावयाची, हे काही बरे दिसत नाही. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या तोंडावर, आम्ही डिझेलची गाडी घेतली आणि शाळेतील तिघा सहकाऱ्यांस सांगितले की, सर्वांनी मिळून जावे आणि इंधनाचा खर्च चौघांत सारखा वाटून घ्यावा. गाडीची झीज, विमा, दुरुस्ती हे सर्व आमचे.

व्यवहार साधा होता, परंतु नाजूक होता. मुख्याध्यापकांच्या गाडीतून जावयाचे आणि मुख्याध्यापक सांगतील तो आकडा द्यावयाचा, यात हाताखालच्या माणसास तोंड उघडण्याची सोय उरत नाही. म्हणून आम्ही पहिल्या दिवशीच दोन गोष्टी ठरविल्या. इंधनाचा दर कंपनीच्या पत्रकावरून धरावयाचा नाही, प्रत्यक्ष जेवढे डिझेल जळेल तेवढेच वाटावयाचे. आणि वही आम्ही लिहावयाची नाही. गणिताच्या सरांनी लिहावयाची, व ती गाडीतच, कोणासही उघडून पाहता येईल अशी ठेवावयाची.

मोजण्याची रीतही गणिताच्या सरांनीच घालून दिली. टाकी तोंडोतोंड भरावयाची. पंपाची नळी आपोआप बंद झाली की तेथेच थांबावयाचे, वर आणखी थेंब घालावयाचे नाहीत. त्या क्षणी किलोमीटरचा आकडा टिपावयाचा. पुन्हा भरतेवेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच यंत्रावर, तशीच टाकी भरावयाची. मध्यंतरी धावलेले किलोमीटर भागिले या खेपेस मावलेले लिटर, म्हणजे सरासरी. रीत सोपी, परंतु एका खेपेच्या उत्तरावर विसंबता येत नाही. टाकी किंचित कललेली असली, नळी थोडी आधी बंद झाली, तर एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. आमची टाकी एका वेळी सुमारे सदतीस लिटर घेई. त्यात एका लिटरची चूक म्हणजे सरासरीत जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा फरक. चार-सहा खेपांची बेरीज केली की ही चूक आपोआप विरते. म्हणून महिन्याचे सर्व किलोमीटर आणि महिन्याचे सर्व लिटर यांचाच भागाकार करावयाचा असे ठरले. गाडीच्या समोरील पडद्यावर एक आकडा आपणहून उमटत असतो, परंतु तो आमच्या वहीतील आकड्याहून बहुधा एक किलोमीटरने अधिक असे. त्यावर हिशेब ठेवला नाही हे बरेच झाले.

आता पहिल्या महिन्याचा आकडा. पत्रकात छापले होते लिटरला तेवीस किलोमीटर. वहीत निघाले पंधरा पूर्णांक चार.

त्या वर्षी डिझेल लिटरला ८८ रुपयांच्या आसपास होते. रोजचे जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर. तेवीसच्या हिशेबाने दरमाणशी दिवसाला ऐंशी रुपये पडावयास हवे होते, प्रत्यक्षात पडले एकशेवीस. महिन्याच्या बावीस दिवसांत हा फरक आठशे ऐंशी रुपयांचा होतो. आमच्या शाळेतील सर्वांत तरुण बाईंची नोकरी नवी, घरी दोन लहान मुले. त्यात ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारने राज्यातील स्त्रियांना सरकारी बसचा साधा प्रवास मोफत केला होता. म्हणजे त्यांच्यापुढे एका बाजूस फुकटची बस आणि दुसऱ्या बाजूस महिन्याला सव्वीसशे चाळीस रुपये. एके दिवशी त्यांनी फार संकोचाने विचारले, "सर, कंपनी तर तेवीस म्हणते ना?" प्रश्न वाजवी होता. जुलैमध्ये मुसळधार पाऊस लागला, सरासरी आणखी थोडी उतरून पंधरा पूर्णांक दोनवर आली, आणि बाई बसने येऊ लागल्या. आठ दिवस पहिली-दुसरीच्या मुलांची पाटी-पुस्तके अकरापर्यंत दप्तरातच राहिली. त्यांना दोष देण्याचे आमच्या मनातही आले नाही. परंतु छापलेला आकडा आणि निघालेला आकडा यांत एवढे अंतर का, हे समजून घेणे आता केवळ कुतूहलाचे राहिले नव्हते. त्यावर एका वर्गाचा पहिला तास अवलंबून होता.

उद्यमबाग आमच्या वाटेवरच. बेळगावची ही वसाहत ओतकामासाठी आणि यंत्रांच्या सुट्या भागांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तेथे आमचा एक जुना विद्यार्थी सिलिंडर घोटण्याचे, म्हणजे तेथील भाषेत बोअरिंग-होनिंगचे काम करतो. शनिवारी सकाळची शाळा आटोपून परतताना आम्ही चौघेही त्याच्याकडे उतरलो. बाईंनाही आग्रहाने सोबत घेतले होते. त्याने एक नुकताच घोटलेला सिलिंडर उजेडाकडे धरून आम्हांस दाखविला. आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल अशी आमची कल्पना होती. ती तशी नव्हती. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक तिरप्या रेघा होत्या, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी खोल. "या रेघा मुद्दाम पाडतात सर," तो म्हणाला. "यांच्यात तेल धरून राहतं. अगदी गुळगुळीत केला तर तेल टिकायचंच नाही."

पिस्टनभोवती पोलादी रिंगा असतात. सिलिंडरमध्ये इंधन जळून जो वायू दाबाने फुगतो तो या रिंगांनी अडवून धरावयाचा असतो, निसटून खाली जाऊ द्यावयाचा नसतो. नव्या यंत्रात रिंगेची कड आणि सिलिंडरची भिंत यांची अजून ओळख झालेली नसते. दोघींवरही सूक्ष्म उंचवटे असतात. यंत्र चालू लागले की हे उंचवटे एकमेकांवर घासून झिजतात, रेघांमधील खोलगट भाग तेवढा तेलासाठी शिल्लक राहतो, आणि रिंग भिंतीला चपखल बसते. तोवर दोन तोटे होत असतात. घर्षणात शक्ती वाया जाते आणि दाबलेला थोडा वायू फटीतून निसटतो. दोन्हींची भरपाई डिझेलने करावी लागते. सिलिंडरमध्ये जे घडते तेच कमीअधिक प्रमाणात धुऱ्यांच्या बेअरिंगांत, गिअरच्या दात्यांत, चाकांच्या आसांत घडत असते. या सर्व क्रियेस इंग्रजीत रनिंग-इन म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याने सहज म्हटले, "बघा की सर, अजून इंजिन रुळलं नाही." रुळणे हा त्याचा शब्द आम्हांस फार आवडला. रस्ता रुळतो, जोडा रुळतो, नवी सून घरात रुळते, आणि यंत्रही रुळते.

मग हे रुळणे लवकर व्हावे म्हणून काय करावे? येथे दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, नव्या गाडीस बैलगाडीच्या चालीने हाका. दुसरा म्हणतो, पहिल्या दिवसापासून पळवा. दोन्ही चूक. रिंगेस भिंतीकडे दाबण्याचे काम मुख्यत्वे जळत्या वायूचा दाबच करतो, कारण तो रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला बाहेर रेटतो. यंत्रावर भारच पडू दिला नाही तर रिंगा नीट बसत नाहीत, आणि भिंतीवर तेलाचा एक काचेसारखा चकचकीत थर बसतो. तो एकदा बसला की रिंग आपले घर करीत नाही. उलट, आरंभीच फार भार दिला तर घासणाऱ्या जागी उष्णता वाढून भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणून पहिले हजार किलोमीटर मध्यम भार द्यावा, वेग एकसारखा न ठेवता बदलता ठेवावा, उभ्या गाडीत यंत्र फार वेळ चालू ठेवू नये, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये. आमच्या गाडीच्या पुस्तिकेतही थोड्याफार फरकाने हेच लिहिले आहे. चढउतारांचा, वळणांचा जांबोटीचा रस्ता या कामी आपोआपच उपयोगी पडला.

पूर्वी स्कूटरच्या काळात पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत अमुक वेगापुढे जाऊ नका, अशी स्पष्ट सूचना असे. आता कारखान्यातील घोटकाम इतके सुधारले आहे की, बरेचसे काम गाडी बाहेर पडण्यापूर्वीच झालेले असते. तथापि सर्वच झालेले असते असे नाही. अमेरिकेच्या सरकारी इंधनविषयक मार्गदर्शनात नव्या वाहनाची पूर्ण सरासरी हाती यावयास तीन ते पाच हजार मैल लागू शकतात, असे म्हटले आहे. आपल्या मापाने हे सुमारे पाच ते आठ हजार किलोमीटर होतात. डिझेलच्या यंत्रास पेट्रोलपेक्षा थोडा अधिक काळ लागतो असा बहुतेक कारागिरांचा अनुभव आहे, आणि त्याचे कारण या यंत्राच्या जातीतच आहे.

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या यंत्राची अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे सव्वीस टक्के उष्णता उपयुक्त कामात उतरली. त्या काळची साधी वाफेची यंत्रे दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. डिझेलची युक्ती अशी की, यात ठिणगी पाडावी लागत नाही. नुसती हवा तिच्या पंधरा-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली की ती पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या यंत्रात हा दाब साधारण दहा-अकरा पटींचा असतो. दाब जितका अधिक, तितके इंधनाचे काम अधिक. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक दशांश उष्णता अधिक असते. डिझेलच्या सरासरीचे हे रहस्य. परंतु एवढा दाब सोसावयाचा तर अंग दणकट हवे, रिंगा घट्ट हव्यात, आणि घट्ट माणसाप्रमाणे घट्ट यंत्रही सावकाशच मोकळे होते.

बेळगावकरांस डिझेलचे यंत्र नवखे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच जिल्ह्यातले. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला, आणि १९१० मध्ये येथून उठून कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्याच घराण्याने १९४६ साली पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. आमच्या लहानपणी विहिरीवर पाणी खेचणारे आणि गिरणीत पीठ दळणारे यंत्र म्हणजे डिझेलचेच. आजोबांच्या मळ्यात नवे इंजिन बसले तेव्हा बसविणाऱ्या मिस्त्रीने पहिले काही दिवस त्यावर पुरता भार न घालण्याची ताकीद दिली होती. रुळू देण्याचा हा नियम खेड्यातल्या मिस्त्रीसही ठाऊक होता. आम्ही शहरात येऊन तो विसरलो, एवढेच.

असो. आता छापील आकड्याविषयी. त्यात लबाडी आहे असे अनेकांस वाटते. तसे म्हणता येत नाही. आपल्याकडील असे आकडे बहुधा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या प्रमाणपत्राचे असतात. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रुळांवर चढवितात. चाके जागच्या जागी फिरतात, आणि ठरलेल्या क्रमाने वेग कमीअधिक करून इंधन मोजतात. आमच्या गाडीची ज्या रीतीने चाचणी झाली तीत सर्वाधिक वेग ताशी नव्वद किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद असते. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, जांबोटीचा पाऊस नाही, की पाठीमागे डबे आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन बसलेले तीन शिक्षक नाहीत. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. युरोपातील ज्या चाचणीवरून ही रीत बेतली आहे तिच्या नियमांत, चाचणीची गाडी आधी किमान तीन हजार किलोमीटर चालवून रुळविलेली असावी, अशी अट आहे. म्हणजे त्या रीतीत आकडा निघतो तो रुळलेल्या गाडीचा, आणि तो ताडून पाहिला जातो कालच घरी आणलेल्या गाडीशी. दोन गाड्यांची आपसांत तुलना करावयास हा आकडा उत्तम आहे, परंतु आपल्या घरचा महिन्याचा हिशेब त्यावर बांधू नये.

हे सर्व बाईंनी त्या शनिवारी आमच्याबरोबरच ऐकले. सोमवारी त्या गाडीच्या थांब्यावर उभ्या होत्या. एक अट मात्र त्यांनी घातली. पंपावरची पावती त्या स्वतः घेतील आणि वहीतील आकड्याशी ताडून पाहतील. आम्हांस तिचा आनंदच झाला. तेव्हापासून वहीत दोन हस्ताक्षरे आहेत.

ऑगस्टमध्ये सरासरी पंधरा पूर्णांक नऊ झाली, सप्टेंबरमध्ये सोळा पूर्णांक सहा. ऑक्टोबरात सतरा पूर्णांक एक, नोव्हेंबरात सतरा पूर्णांक आठ. डिसेंबरात ती एकाएकी अडखळली. एका खेपेस सोळाच्या थोडीच वर निघाली. विचारता कारण कळले ते असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत-सहा ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली, आणि त्यामुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरून ठेवणारी एक जाळी आली. ती भरत आली की यंत्र आपणहून थोडे अधिक डिझेल जाळून नळी सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापविते आणि साचलेली काजळी जाळून टाकते. दर काही शे किलोमीटरांनी हे घडते. त्या आठवड्यात हे काम वारंवार, आणि अर्धवट, झाले होते, कारण नाताळच्या सुट्टीत गाडी गावातल्या गावातच फिरली होती. लांबच्या रस्त्यावर ते एका दमात पुरे होते. जानेवारीत अठरा पूर्णांक एक आणि फेब्रुवारीत अठरा पूर्णांक तीन निघाले. दरमाणशी रोजचा खर्च एकशेवीसवरून एकशे एक रुपयांवर आला.

येथे लेख संपविला असता तर आम्हांस मोठ्या तोऱ्याने सांगता आले असते की, यंत्र रुळल्यामुळे लिटरमागे जवळजवळ तीन किलोमीटर वाढले. गणिताच्या सरांनी ते होऊ दिले नाही. ते म्हणाले, "सर, जूनची फेब्रुवारीशी तुलना कशी होईल? जूनला पाऊस होता, काचा पुसायचे वायपर चालू होते, चिखलात चाकं रुतत होती, दुसऱ्या गिअरमध्ये निम्मा रस्ता गेला. फेब्रुवारीला रस्ता कोरडा ठणठणीत. जूनची तुलना जूनशीच करायची." मुद्दा बिनतोड होता. आम्ही पुढील जूनपर्यंत थांबलो. २०२४ चा जून निघाला सोळा पूर्णांक नऊ, आणि जुलै सोळा पूर्णांक सहा. तोच रस्ता, तीच चार माणसे, तसाच पाऊस. वर्षभरात धावलेले किलोमीटर सुमारे वीस हजार. म्हणजे खरी वाढ लिटरमागे सुमारे दीड किलोमीटर, शेकडा नऊ-दहा. फेब्रुवारीपर्यंत दिसलेल्या वाढीपैकी निम्मी ऋतूची होती.

उरलेली दीडही सर्वस्वी यंत्राची नव्हे. नव्या टायरांचे दाते खोल असतात, ते जमिनीवर अधिक लवतात आणि त्यात शक्ती खर्च होते. दाते झिजत गेले की हा विरोध कमी होतो. शिवाय वर्षभरात आमचा पायही निवळला. पुढे वळण दिसताच ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच आपल्या वेगाने जाऊ द्यावी, हे आम्हांस हळूहळू जमू लागले. उतारावर गिअर असताना पाय उचलला की आजची यंत्रे इंधन बंद करतात. कित्येक जण डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून गाडी सोडून देतात. त्यात यंत्र चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते, आणि ब्रेकवर सगळा भार येऊन जीव धोक्यात पडतो तो निराळाच. यंत्राचा वाटा किती, टायरांचा किती आणि पायाचा किती, हे वेगळे काढण्याचे साधन आमच्यापाशी नाही. सर्व मिळून दीड किलोमीटर, एवढेच आमची वही प्रामाणिकपणे सांगू शकते. ते थोडे नाही.

वाचकांपैकी ज्यांना गाडी घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. आमच्या गाडीच्या डिझेल आणि पेट्रोल नमुन्यांच्या किमतीत सव्वा लाखाचा फरक होता. पेट्रोलची तीच गाडी असलेल्या परिचितांस लिटरला चौदा किलोमीटर पडतात. आम्हांस वर्षाचे सरासरी सतरा पडले. पेट्रोल १०२ रुपये आणि डिझेल ८८ रुपये धरले तर किलोमीटरमागे दोन रुपये दहा पैशांच्या आसपास वाचतात. सव्वा लाख भरून निघावयास सुमारे साठ हजार किलोमीटर धावावे लागते. आम्हांस ते तीन वर्षांत होईल. ज्यांची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर धावते त्यांना बारा वर्षे लागतील. आमचे एक मेहुणे वडोदऱ्यास असतात. त्यांनी आमचे पाहून डिझेलची गाडी घ्यावयाचे ठरविले होते. त्यांचा प्रवास म्हणजे रोज भाजीबाजार आणि आठवड्यातून एकदा स्टेशन. आम्ही त्यांस पत्राने हा हिशेब कळविला. "भाऊजी, वाचवलंत," असा त्यांचा फोन आला. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत यंत्र तापण्यापूर्वीच बंद होते, गार यंत्र डिझेल अधिक पिते, काजळीची जाळी जळून साफ होत नाही आणि समोर दिवा लागतो. अशा घरी डिझेल कधीच रुळत नाही. २०२० नंतर लहान गाड्यांत डिझेलची यंत्रे विरळ होत गेली, मारुतीने तर त्या वर्षी एप्रिलपासून ती बंदच केली, त्यामागे वाढत्या किमतीबरोबर हेही एक कारण असावे.

आमच्यापुरते म्हणाल तर या वहीने आम्हांस डिझेलखेरीज दुसरेही काही शिकविले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही पहिलीच्या मुलांचे कित्येक जून पाहिले. पहिल्या चाचणीचे गुण पाहून पालक धास्तावतात, शेजारच्या मुलाशी किंवा पुस्तकातल्या आदर्श मुलाशी त्याची तुलना करतात. आम्ही त्यांना नेहमी सांगतो की, मूल अजून रुळते आहे, त्याची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा, आणि तीही वर्ष पुरे झाल्यावर. हे सांगताना आमच्यापाशी आजवर केवळ अनुभव होता. आता एक वहीही आहे. पालकसभेत ती आम्ही एकदा दाखविली देखील. शेतावर पंप चालविणाऱ्या एका गृहस्थांस ते अगदी चटकन पटले.

येत्या काही वर्षांत आम्ही निवृत्त होऊ. गाडी तेव्हा लाखभर किलोमीटर धावलेली असेल. बाईंनी अलीकडे गाडी चालविण्याचा परवाना काढला आहे, आणि तोवर त्या जांबोटीच्या वळणांस सरावतील. पुढे ही गाडी त्यांनीच घ्यावी, असे गणिताच्या सरांनी मध्यंतरी सुचविले. किंमत काय धरावी हे ठरावयाचे आहे. आमच्याकडून एवढेच सांगितले आहे की, गाडीबरोबर वही द्यावयाची, आणि दहाची घंटा चुकवावयाची नाही.